खिळा, कळ आणि अक्षर

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, फराळाचे ताट पुढ्यात ओढून आपण हा अंक उघडला असेल. "चकलीचे बोट पानाला लावू नकोस," असे घरातले कोणी वडीलमाणूस शेजारून वाकून पाहणाऱ्या पोराला दटावीत असेल. अंकातली एखादी कथा आवडेल, कविता कदाचित समजणार नाही, राशिभविष्य मात्र सर्वांच्या आधी वाचून होईल. पण पानावर बसलेले हे अक्षर मुळात तेथे आले कसे, असा प्रश्न आपणांस पडावयाचा नाही. पडू नये हेच बरे. जेवणाऱ्याने चुलीचा धूर कशाला मोजावा? तथापि ज्याची उमेदीची वर्षे त्या चुलीपाशी गेली, त्याला दिवाळी अंक हाती आला की मजकुराआधी अक्षरच दिसते. माझे तसे होते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा सुरू झाली. त्या अंकातले अक्षर न् अक्षर कोणीतरी चिमटीत धरून ओळीत बसविले होते. शिशाचा तो खिळा हाताला लागत होता, जमिनीवर पडला तर आवाज करीत होता. आज आपल्या पुढ्यात असलेले अक्षर असे चिमटीत यावयाचे नाही. कागदावर उतरण्यापूर्वी ते एका आकड्याच्या रूपाने यंत्रात वस्तीला होते. खिळ्याचा आकडा होईपर्यंत मराठी अक्षराला जी वाट चालावी लागली, तिच्या शेवटच्या दोनतीन कोसांवर मी ओझे वाहिले आहे. 'माहिती तंत्रज्ञान' अशा भारदस्त नावाने जो धंदा ओळखला जातो, त्यातली माझी चाकरी ती एवढीच. पुण्याच्या हिंजवडीतल्या काचेच्या इमारती मी बाहेरूनच पाहिल्या आहेत.

मी मॅट्रिक झालो तो १९९५ साली. पुढे शिकविण्याची वडिलांची ऐपत नव्हती. तेव्हा महाडला टायपिंगच्या क्लासात नाव घातले. मराठी तीस शब्दांची परीक्षा उतरलो की कोठेतरी कारकुनी मिळेल, असा घरच्यांचा हिशेब होता. क्लासातली यंत्रे लोखंडी, जडशीळ आणि आमच्याहून वयाने मोठी होती. १९५५ साली गोदरेजने पहिले हिंदी बनावटीचे टंकयंत्र काढले, त्याची मास्तरांना फार अपूर्वाई होती. पण मला त्या यंत्राची एक गोष्ट प्रथमदर्शनीच खटकली. ते मराठी जाणत नव्हते. 'भ' काढावयाचा तर आधी अर्धा भ् ठोकावा आणि मग त्याला काठी द्यावी. 'कि' लिहावयाचा तर वेलांटी आधी आणि 'क' मागाहून. तोंडाने आपण 'कि' म्हणतो तेव्हा 'क' आधी येतो. बोटांनी मात्र उलटे बोलावयास शिकावे लागे. सहा महिन्यांत माझी बोटे ती उलटी भाषा इतकी शिकली, की ती विसरावयास पुढे दहा वर्षे लागली.

कारकुनी मिळाली नाही. मिळाला तो एक छापखाना. लग्नपत्रिका, सहकारी सोसायटीचे अहवाल, निवडणुकीतली पत्रके आणि वर्षाकाठी एखादे पुस्तक असे तेथले काम. १९९७ साली मालकांनी कर्ज काढून संगणक आणला आणि त्याच्यापुढे मला बसविले. माझ्या उजव्या हाताला लाकडी केसी होत्या आणि त्यांच्यापुढे उंच स्टुलावर कंपोझिटर काका बसत. तीस वर्षे खिळे जुळवून त्यांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला शिशाचा काळा रंग कायमचा चढला होता. ओळ ते उलटी वाचीत, आरशात पाहिल्यासारखी, आणि आपण सुलट वाचतो त्याहून भरभर वाचीत. केसीकडे न पाहता त्यांचा हात नेमक्या घरात जाई. इंग्रजीच्या खिळ्यांना जेथे एक केस पुरते, तेथे आमच्या बाळबोधीला चार लागत. शेकडो घरे! प्रत्येक जोडाक्षराचे घर निराळे, उकार लागलेल्याचे निराळे, रफार चढलेल्याचे निराळे.

या शेकडो घरांतच मराठी मुद्रणाचा सारा इतिहास आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. विल्यम केरी या पाद्र्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते बंगालातल्या श्रीरामपुरास. खिळे पाडण्याची विद्या तेथे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने रुजविली आणि त्याचा जावई मनोहर याने ती पुढे चालविली. मराठी अक्षर छापले गेले ते असे दूरदेशी, परक्या हातांनी. गंमत अशी, की त्या वेळी मराठी माणूस रोजचे लिहिणे बाळबोधीत लिहीतच नव्हता. तो मोडी लिहीत होता. १८१०च्या मराठी कोशासाठी केरीने मोडीचेही खिळे करविले. पण हात न उचलता धावणारी ती लिपी. तिला तोडून सुटे तुकडे करणे म्हणजे नाचणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या फळीला ठोकणे. छापखान्याने अखेर बाळबोधीला पसंत केले आणि मोडी हळूहळू दप्तरांच्या बासनांत गेली. यंत्राने लिपी निवडण्याचा आपल्याकडला हा पहिला प्रसंग. कोणी ठराव केला नाही, कोणी मोर्चा काढला नाही.

गणपत कृष्णाजींनी मुंबईस १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. दगडावर हाताने लिहावे आणि छापावे, यात खिळ्यांची कटकट नाही. पण दगड किती काळ पुरणार? पुढे जावजी दादाजींनी निर्णयसागर उभा केला आणि राणोजी रावजी आरू यांच्याकडून जे खिळे कोरविले, ते पाहून आजही हात जोडावेसे वाटतात. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यातली पोथी निर्णयसागरची होती. तिचे कागद पिवळे पडून तुकडे पडत चालले होते, पण अक्षर काल छापल्यासारखे काळेभोर. आरूंचे नाव किती मराठी माणसांस ठाऊक असेल? आणि शंकर आबाजी भिसे यांचे? १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या या गृहस्थाने भराभर खिळे ओतणारे यंत्र शोधून विलायतेतल्या कारखानदारांना चकित केले आणि १९३५ साली तो अमेरिकेत वारला.

इतके करूनही खिळ्यांची संख्या कमी होईना. मग लोक म्हणू लागले, यंत्र वाकत नाही तर लिपीने वाकावे. लोकमान्यांनी केसरीच्या व्यापातून वेळ काढून खिळे कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचविली. म्हणजे इ, ई, उ यांना रजा देऊन 'अ'लाच वेलांट्या आणि उकार लावावयाचे. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी डावीकडची उजवीकडे न्यावयाचे ठरले आणि थोड्या वर्षांत तो निर्णय गुपचूप मागे घेण्यात आला. ही सारी मोठी माणसे, आणि त्यांचा हेतूही चांगला. तरीसुद्धा मला वाटते, जोडा लहान झाला म्हणून पायाची बोटे छाटावी, अशातलाच तो प्रकार होता. वाट पाहिली असती तर जोडा बदलणार होता. पण हे मी आज म्हणतो. तेव्हा छापखान्यात चार केसींमध्ये उभा असतो तर मीही छाटाछाटीच्याच बाजूने मत दिले असते.

जोडा बदलण्याची सुरुवात झाली ती मुंबईतच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन् आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक गणकयंत्र घरच्या घरी बांधून १९६० साली चालू केले. २,७०० निर्वात नळ्या त्याच्या पोटात होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. आज शाळकरी पोराच्या खिशातल्या फोनपुढे ते यंत्र म्हणजे पाटीपेन्सिल. पण त्या दिवसांत तो पराक्रम होता. ते अणुशास्त्रज्ञांची गणिते सोडवी. त्याला मराठी यावी, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

लोकांना या यंत्राचे कौतुक नव्हते, धास्ती होती. आयुर्विमा महामंडळाने साठीच्या दशकात संगणक आणावयाचे ठरविले, तेव्हा कलकत्त्याच्या कचेरीत ते येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी खडा पहारा दिला. सरकारने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे गेले. १९७२ साली त्यांचा अहवाल आला. सरकारशी न जमल्याने १९७८ साली आय.बी.एम. कंपनी देशातून गेली, १९८४ साली रंगराजन समितीने बँकांना यंत्रे घेण्याची वाट मोकळी केली, रेल्वेची तिकिटे यंत्रावर निघू लागली. हा सारा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात सरतेशेवटी यंत्र जिंकले आणि नोकऱ्या वाढल्या, असे सांगतात. आकडे पाहता ते खोटे नाही. पण वाढलेली नोकरी आणि गेलेली नोकरी एकाच माणसाची नसते. कंपोझिटर काका माझ्या उजव्या हाताला बसत होते. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे लग्नपत्रिका उरल्या, दुसऱ्या वर्षी फक्त पावतीपुस्तके. तिसऱ्या वर्षी मालकांनी खिळे किलोवर विकले. काटा धरणाऱ्या भंगारवाल्याला काका म्हणाले, "जरा हळू ओत रे, 'क्ष' आहेत त्यात." मग माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे पाहत म्हणाले, "पोरा, ही अक्षरं रात्री कुठे असतात?" मी हसलो. तो प्रश्न केवढा शहाणपणाचा होता, हे मला कळावयास वीस वर्षे जावी लागली.

कारण त्या पडद्यावरची अक्षरे खरोखरच कोठे नव्हती. याचे मर्म जरा सावकाश सांगितले पाहिजे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. अमेरिकेत तो जन्मला, तेव्हा तिकडच्या लोकांनी आपसांत ठरवून घेतले की 'ए' म्हणजे ६५, 'बी' म्हणजे ६६. आपल्या अक्षरांना आकडे देण्याचे काम आपल्याकडे झाले ते कानपूरच्या आय.आय.टी.त. १९८३ साली दिल्लीला भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथला देवनागरी संगणक लोकांनी पाहिला. त्या कामात मोहन तांबे हे मराठी गृहस्थ होते. पुढे ते पुण्याला सी-डॅकमध्ये आले. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली निघालेली ही संस्था लोकांना माहीत आहे ती १९९१च्या 'परम' महासंगणकामुळे. पण माझ्यासारख्याच्या लेखी तिचे दुसरे काम अधिक मोलाचे. तांबे व त्यांच्या मंडळींनी ओळखले, की कन्नड, बंगाली, गुजराती, मराठी यांचे आकार वेगळे असले तरी सर्वांची बाराखडी एक. मग आकाराला आकडा न देता ध्वनीला द्यावा. 'क' एकदाच सांगावा, वेलांटी एकदाच सांगावी. जोडाक्षर कसे दिसावे ते यंत्राने पाहून घ्यावे. कळफलकही त्याच न्यायाने मांडला: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. 'कि' लिहिताना आधी 'क', मग वेलांटी, तोंडाने म्हणावे तसे. काकांची शेकडो घरे एका फटक्यात पन्नाससाठांवर आली आणि एकही बोट छाटावे लागले नाही! १९९१ साली त्याला भारतीय मानकाचा शिक्का मिळाला. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठी 'युनिकोड' नावाची सामायिक वही निघाली, तिच्यातही देवनागरीसाठी १२८ जागा याच धर्तीवर राखून ठेवल्या गेल्या. 'अ' म्हणजे २३०९, 'क' म्हणजे २३२५. पुण्यात, टोकियोत, कोठेही.

म्हणजे मी छापखान्यात बसलो त्याच्या सहा वर्षे आधीच खरा मार्ग सापडला होता. मग आम्ही त्या मार्गाने का गेलो नाही? कारण पाने मांडण्याची जी आज्ञावली सर्व छापखान्यांत होती, ती अमेरिकेतली. तिला इंग्रजीवाचून काही येत नव्हते. तेव्हा फाँट विकणाऱ्या मंडळींनी एक हिकमत काढली. इंग्रजी अक्षराचा आकडा तसाच ठेवावयाचा, फक्त त्याच्या तोंडावर मराठी मुखवटा चढवावयाचा. आपल्या गावांत बहुरूपी येतो ना? पोलिसाचा वेष घालून दारात उभा राहतो, बायका घाबरतात, पोरे पळतात. यंत्राच्या समजुतीने आत 'डी' असे. आम्हाला पडद्यावर 'क' दिसे. छापून निघाले की कोणाला काय फरक? त्यात पुन्हा प्रत्येक कंपनीचा बहुरूपी वेगळा. एकीचा 'क' दुसरीच्या घरी 'ढ' होई. शिवाय २५६ जागांत आमची जोडाक्षरे मावत नसल्यामुळे काही अक्षरे कळफलकावर नसतच. त्यांच्यासाठी एक कळ दाबून धरून चार आकडे ठोकावे लागत. भिंतीला चिकटविलेला त्या आकड्यांचा तक्ता माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे.

या चार आकडेवाल्यांत एक होता चंद्रकोरीसारखा आडवा अर्धा 'र'. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतला. हिंदीला याची गरज नाही, मराठीला आहे. 'आचार्यांना' म्हणजे विद्वानांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, एवढा फरक त्या कोरीत आहे. पण दर वेळी चार आकडे कोण ठोकणार? मी सरळ डोक्यावरचा रफार देऊन पुढे जात असे आणि प्रूफ तपासताना निवांतपणे दुरुस्त करीत असे. शंभरातली नव्वद कामे अशीच पार पडत. लग्नपत्रिकेत 'र' कोणता, हे पाहावयास वऱ्हाडी येत नाहीत.

२००४ सालच्या पावसाळ्यानंतर माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी छापखान्यात आले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. पिशवीतून त्यांनी दोनशे पानी दोन वह्या काढल्या. बाणकोटच्या खाडीकाठच्या आणि वरंध घाटाखालच्या गावांतून नोकरी करताना त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या, चाळीस वर्षांत आठशेच्या वर. बहुतेक गाणाऱ्या बाया हयात नव्हत्या. "अरे, पेन्शनीतून पुस्तक करावं म्हणतो," ते म्हणाले, "पण वही मला परत पाहिजे हो. याची नक्कल नाही माझ्यापाशी." मी म्हणालो, "गुरुजी, प्रुफं झाली की वह्या मी स्वतः घरी आणून देईन."

काम सवडीने करावयाचे होते. मी रात्री थांबून टंकीत असे. गुरुजींचे अक्षर मोत्यासारखे; त्यांचा चंद्रकोरीचा 'र' कसा रेखीव असे, ते मला चांगले आठवते. मी रफार देत पुढे जात होतो. जून अखेरीस मजकूर पुरा झाला. वह्या छापखान्याच्या खालच्या कपाटात ठेवल्या आणि फ्लॉपीवर एक प्रत करून ती घरी नेली, कारण घरी बसून मी माझ्या पहिल्या कादंबरीचे डोहाळे पुरवीत होतो आणि त्याच फ्लॉपीवर तिचीही दोन प्रकरणे होती. गुरुजींना निरोप धाडला, पाऊस ओसरला की प्रुफे बघावयास या.

पाऊस ओसरला नाही. २६ जुलै २००५ या तारखेला मुंबईत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या आणि सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. जेथे माणसे गेली तेथे वह्यांचे दुःख कोणाजवळ काढावयाचे? चार दिवसांनी मी छापखान्यात पोहोचलो, तेव्हा कमरेइतका चिखल उपसून कपाट उघडले. आतला कागद लापशीसारखा झाला होता. संगणक, कागदांची रिळे, हिशेबाची बाडे, सर्व गेले. मालकांनी छापखाना पुन्हा काढला नाही. गुरुजींच्या घरी जाऊन मी झाले ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुझ्याकडे फ्लॉपी आहे ना? मग झालं तर." त्याच थंडीत ते वारले.

फ्लॉपी होती. पण ती उघडावयास लागणारा तो फाँट, ती आज्ञावली छापखान्याबरोबर बुडाली होती आणि फाँट विकणाऱ्या कंपनीचा तो नमुना पुढे बाजारात राहिला नाही. मी दुसऱ्या उद्योगाला लागलो. एम.एस.-सी.आय.टी.ची परीक्षा दिली आणि त्या बळावर एका संस्थेच्या शाळेत संगणकाचा मास्तर झालो. जेमतेम मॅट्रिक असलेल्या माणसाला 'सर' म्हणून हाका मारतात, ही या यंत्राची कृपाच म्हणावयाची. कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापल्या गेल्या. दरम्यान यंत्रे खरोखर मराठी शिकली. र. कृ. जोशी, ज्यांना सुलेखनाच्या जगात आर.के. म्हणून मानतात, त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' नावाचा देवनागरी फाँट घडविला आणि तो लक्षावधी यंत्रांतून घरोघर गेला. निर्णयसागरच्या आरूंनंतर इतक्या घरांत पोहोचलेला मराठी अक्षरकार दुसरा नसेल. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००८ साली युनिकोडच्या वहीत आपल्या 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली आणि २०१४ साली मोडीलाही; लिहिणारे जवळपास संपल्यावर. माझ्या वर्गातली पोरे मात्र फोनवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. त्यांना मी रागावत नाही. मी आठ वर्षे तेच केले, फक्त वर मुखवटा घालून.

२०१९ साली शाळेच्या कपाटात एक जुना संगणक सापडला. त्याच्यात फ्लॉपीची फट होती. कोकणच्या दमट हवेत बुरशी आलेली ती चकती पुसून आत घातली आणि नवल म्हणजे ती वाचली गेली. पडद्यावर आठशे ओव्या उभ्या राहिल्या. इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस, डोक्यावर टोपी घातलेले फिरंगी स्वर आणि मध्येच उलटे प्रश्नचिन्ह. बहुरूप्याने वेष उतरविला होता. 'ही अक्षरं रात्री कुठे असतात?' काकांना त्या दिवशी उत्तर देता आले असते.

त्यानंतर मी जे केले ते सांगावयास सोपे आणि करावयास जिकिरीचे. माझ्याजवळ त्याच फाँटात छापलेली एक जुनी लग्नपत्रिका होती आणि तिचा मजकूर त्याच फ्लॉपीवर होता. शब्दासमोर शब्द मांडून कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर आहे, याचा तक्ता नववीतल्या मुलांना घेऊन फळ्यावर करू लागलो. पत्रिकेत 'ढ' नव्हता, 'झ' नव्हता, 'ळू' नव्हता. ते ओव्यांतल्या शब्दांवरून ताडावयाचे. एका मुलीने 'ळ' पकडला तो 'बाळ' या शब्दावरून. हिंजवडीत नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत येऊन त्या तक्त्यावरून छोटी आज्ञावली लिहून दिली. उलट्या वेलांट्या सुलट केल्या, रफार मागून पुढे आणले. चहा निवायच्या आत आठशे ओव्या मराठीत उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "सर, आमच्या कंपनीत मी वर्षभर काय करतो ते आईला सांगता येत नाही. हे सांगता येईल."

उरला तो चंद्रकोरीचा 'र', माझा आळस. ज्या ज्या ठिकाणी तो असावयास हवा होता, तेथे डोक्यावर रफार होता. 'दुसर्या', 'सार्या', 'न्यार्या' हे शब्द तर शेंबडे पोरही दुरुस्त करील. दोनशेतीस जागा मी एका बैठकीत दुरुस्त केल्या. एक जागा राहिली.

भाऊबीजेची ओवी आहे. बहीण वाटेकडे डोळे लावून बसली आहे आणि भाऊ 'दर्या' ओलांडून येतो आहे. हा दर्या म्हणजे समुद्र आहे, की घाटाखालच्या दऱ्या आहेत? खाडीकाठची बाई असेल, तर एके काळी मुंबईचा भाऊ आगबोटीने बाणकोटला उतरे, समुद्रच खरा. वरंधाखालची असेल, तर माहेर घाटावर भोरकडे आणि मध्ये दऱ्याच दऱ्या. गुरुजींनी प्रत्येक ओवीखाली गावाचे नाव लिहिले होते. ती नावे शेवटी एकदम टंकू, असे म्हणून मी सोडून दिली होती. वृत्तावरून ताडावे म्हटले, तर 'दर्या'तला 'द' जड आणि 'दऱ्या'तला हलका, हे खरे. पण जात्याच्या लयीत बाई कोणते अक्षर किती ओढील, त्याला मात्रांचा हिशेब नाही. युनिकोडच्या वहीत साधा 'र' म्हणजे २३५२ आणि हा कोरीचा 'र' लिहावयास घेतात तो २३५३. एका आकड्याचा फरक आहे आणि तो कोणता टाकावा, ते यंत्र सांगत नाही.

गुरुजींच्या मुलीला विचारले. तिने ती ओवी गुणगुणून पाहिली. एकदा समुद्र ऐकू आला, एकदा दऱ्या. "बाबांच्या तोंडून ऐकलीय हो," ती म्हणाली, "पण मी लहान होते. मला वाटायचं, दर्या म्हणजे मामाचं गाव."

पुस्तक तयार आहे. खर्च गुरुजींची मुलगी आणि मी निम्मा निम्मा करणार आहोत. ते एक अक्षर तेवढे अडून आहे. वरंधाखालच्या एका वाडीत एक आजी आहेत, ज्यांच्या सासूबाईंकडून गुरुजींनी पुष्कळ ओव्या घेतल्या होत्या, असे कळले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिकडे जाणार आहे. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे आहे आणि ऐकू मुळीच येत नाही. पण जात्याजवळ नेऊन खुंट्यावर हात ठेवला की अजून गातात, असे त्यांच्या नातवाने फोनवर सांगितले.